हलका जोर

पारनेर, मार्च १९७३, मंगळवार

दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या कोंडाबाईची आखडलेली मान आज दवाखान्यात पुन्हा सुटली नाही. उपचार किती साधा! तिनं माझ्या तळहातावर डोकं हलकेच रेटायचं, मग सैल सोडायचं, की मी मान थोडी पुढे नेणार. पण ती जीव खाऊन रेटते. "हलकेच, कोंडाबाई!" दहादा सांगितलं. शेवटी ओरडलेच.

ती म्हणाली, "बाई, हात हलका दिसला की मुकादम हजेरीतनं नाव खोडतो. आता हळू येतच न्हाई मला."

हलकेच... कसं शिकवू? काय करू? बरी झाली तरी उद्या खडीवरच जाणार.

आणि मी ओरडले, तेव्हा तिनं मुकाट्यानं आणखी जोर लावला.