भाऊसाहेबांच्या नाकावरचं सोनं

तीर्थस्वरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे प्रत्यक्षात घालता येत नाही, तेव्हा कागदावरचाच गोड मानून घे). तुझी कंबर, तुझा चष्मा आणि तुझा तो गळका नळ असे तिघेही ठीक असतील अशी आशा आहे. इकडे मी बरा आहे. भाऊसाहेबही आता बरे आहेत. ‘आता’ हा शब्द उगाच लिहिलेला नाही, पण त्याकडे सावकाश येतो.

आई गेली त्या आठवड्यात तू मला दारात उभं करून दोन गोष्टी बजावल्या होत्यास. आईची लिलीची कुंडी जिवापाड सांभाळायची आणि ते मांजर कुठेतरी देऊन टाकायचं. मी दोन्हीला मान डोलावली. पैकी मांजराचं काही मला जमलं नाही. (भाऊसाहेब हे नाव आईनेच ठेवलेलं, आणि त्यांना अहोजाहो करायची घराला लागलेली सवय मोडवत नाही.) रोज सकाळी ते आईच्या खुर्चीपाशी येऊन बसत आणि रिकाम्या खुर्चीकडे बघत राहत. अशा माणसाला घराबाहेर काढायचा मला धीर झाला नाही. कुंडीला मात्र मी खरंच जपलं. पुढच्या खोलीत फ्रेमा करायचं माझं काम अजून चालतं, त्यातून दर दोन तासांनी उठून माती ओली आहे ना ते पाहायचो. गिऱ्हाईक फोटो धरून उभं आणि माझं बोट कुंडीत, असंही झालेलं आहे.

तर लिली यंदाही फुलली, चांगली पाच फुलं आली. तुला आठवत असेल, फूल उमललं की आई आपली छोटी कात्री घेऊन आतले पिवळे तुरे छाटून टाकायची. मी चिडवायचो, की बिचाऱ्या फुलांची नाकं कशाला कापतेस. “डाग पडतात,” एवढंच ती म्हणायची. यंदा मी कात्री हातात घेतली आणि परत ठेवून दिली. म्हटलं, आईच्या माघारी पहिलाच बहर, निदान या वेळी तरी फुलांना नाक वर करून मिरवू दे.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब दुकानात आले ते नाकाला पिवळी पूड लावून. फ्रेमांना सोनेरी मुलामा द्यायच्या पुडीचा डबा माझ्या टेबलावर उघडाच असतो, तेव्हा मला वाटलं, स्वारीने त्यात तोंड घातलं. मी झाकण घट्ट लावलं, डब्यालाच दोन शब्द सुनावले, आणि भाऊसाहेब ते सोनं चाटून साफ करत होते ते हसत बघत बसलो. मी हसलो, मावशी. ते अजून माझ्या घशाखाली उतरत नाही.

संध्याकाळपर्यंत त्यांना तीन उलट्या झाल्या. टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावलो, डबाही पुरावा म्हणून नेला. त्यांनी डब्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

“घरात लिली आहे?”

मी अभिमानाने सांगितलं, की आहे, आईच्या हातची आहे, यंदा पाच फुलं आली आहेत. त्यांनी पेन खाली ठेवलं. पान, फूल, त्या तुऱ्यांवरचे पिवळे पराग, फार काय फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी करतं म्हणाल्या. तीन दिवस सलाईन लावलं, त्यासाठी पुढच्या पायाचे केस भादरले. त्या तीन दिवसांत भाऊसाहेबांनी माझ्याकडे एकदाही रागाने पाहिलं नाही, तेच मला फार लागलं. वेळेत नेलं म्हणून वाचले. तुरे छाटले असते तर, असं मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, नुसतं छाटून भागत नाही, पान चावलं तरी तेच, इतकी वर्षं निभावलं हे नशीब समजा.

मग घरातल्या एकूण एक झाडाची चौकशी झाली. मनी प्लांट छताच्या हुकाला टांगला, कोरफड शेजारी दिली, आणि भाऊसाहेबांना चघळायला परातीत गहू पेरले. छान हिरवेगार आले आहेत. ते त्यावर झोपतात.

बाकी सगळं ठीक. औषधं वेळेवर घेत जा.

तुझा भाचा

ता. क. खरं काम वर लिहायचा धीर झाला नाही. पत्र आणणाऱ्या सुतारकाकांच्या हातात आहे ती आईचीच कुंडी. तुला दिलेला शब्द मोडतो आहे, माफ कर, पण तिला ठेवून घे. तुला मांजराचा तिटकारा, म्हणून तुझ्या घराइतकी बिनघोर जागा मला दुसरी सुचली नाही. कात्री सोबत बांधली आहे, पण ती वापरू नकोस. आणि एक सांग, आईला हे ठाऊक होतं, की ती खरंच फक्त डागांसाठी कापायची?

पुन्हा ता. क. बंद केलेलं पाकीट फोडून लिहितो आहे. कुंडी उचलता उचलता सुतारकाका सहज म्हणाले, की गेल्या आठवड्यात ते तुझं दार बसवायला आले तेव्हा तुझ्या मांडीवर एक करडी मांजरी होती आणि तू तिला माईसाहेब म्हणत होतीस. तेव्हा फक्त कात्री तेवढी पाठवतो, ती आईची म्हणून ठेव. कुंडी काकांच्याच घरी राहील, त्यांना मांजर नुसतं दिसलं तरी शिंका येतात. पुढच्या बहराला आपण दोघं तिथे जाऊन फुलं बघू, नाकांसकट. निघताना कपडे मात्र दोघांनीही नीट झटकायचे.