चांदी काचेच्या पुढच्या बाजूस

प्रिय रेवा,

तीन वर्षे तुला एक ओळ लिहिण्याचे धैर्य झाले नाही. आज लिहितो, कारण घटकाभराने आपल्या दुर्बिणीच्या आरशावर पुन्हा चांदी चढवायची आहे. धुळ्याहून आणलेला चांदीचा क्षार एकाच खेपेपुरता आहे.

त्या दिवाळीत तू भांड्यांबरोबर दुर्बिणीचा काळवंडलेला आरसाही घासलास. चिंच आणि राख लावून, पैंजण उजळतात तसा! मी शाळेतून आलो, तर हौसेने पुढे धरून म्हणालीस, "काया पडी गयथा ना, म्हनीसन घसी टाका. राख लुगडामा गाळी लिन्ही ती बरं!"

मी काय बोललो ते पुन्हा लिहवत नाही. म्हसावदच्या अर्ध्या गल्लीने ऐकले. मग आरसा पेटीत बंद केला. पौषात तापाने तू गेलीस, तोवर तुझ्याशी धड बोललो नाही. का ग एकदाही उलटून भांडली नाहीस?

शाळेत जे फळ्यावर रंगवून शिकवले, ते तुला कधी सांगितलेच नाही. आता सांगू? दुर्बिणीचे पहिले काम मोठे दाखवणे नव्हे, प्रकाश गोळा करणे! अंधारात डोळ्याची बाहुली फार तर पाव इंच उघडते. आपला आरसा सहा इंचांचा. चोवीसपट रुंद, म्हणून चोवीस गुणिले चोवीस, जवळजवळ पावणेसहाशेपट प्रकाश तो एकवटतो. भिंगाच्या दुर्बिणीत प्रकाश काचेतून आरपार जातो. म्हणून काच आतूनही निर्दोष लागते, आणि तरी ताऱ्याभोवती रंगाची किनार उमटते. आरशाच्या दुर्बिणीत प्रकाश काचेत शिरतच नाही. खोलगट पृष्ठभागावरून परततो आणि एका बिंदूशी मिळतो. त्यामुळे चांदी काचेच्या पुढच्या बाजूस असते, उघडी. घरच्या आरशासारखी मागे झाकलेली नव्हे, म्हणून घासली की निघून येते. हे एवढे एक वाक्य मी तुला सांगायला हवे होते!

आज पेटी उघडली. उन्हात काच तिरपी धरून पाहिली. ओरखडे असते, तर मी वर्षभर काच घासून साधलेला खोलगट आकार वाया गेला असता. सुईने ओढावी तशी एकही रेघ नाही, रेवा. तू राख गाळून घेतली होतीस.

याहून कठीण गोष्ट अशी: उघडी चांदी काळवंडते आणि ती काढून नवी चढवावीच लागते. तू काढलीस ती चांदी मला काढायचीच होती. मला त्या दिवशीही हे ठाऊक होते.

आपली जमना चौदा वर्षांची झाली. मघाशी तिने चांदीच्या द्रावणासाठी काढलेले ताट उचलले, तर माझी थोरली बहीण गरजली, "हात नको लावू, पोरी! मायवर गयी व्हशी, परत वाटोळं करशी!" पोरीने ताट निमूट खाली ठेवले. तीन वर्षे ती हेच ऐकत आली आहे, आणि मी ऐकू देत आलो आहे.

आरशाचे काम उरकले, दिवेलागण झाली आहे. पुढचे आता लिहितो.

क्षाराच्या पाण्यात अमोनिया माझ्या सांगण्यावरून जमनानेच थेंबथेंब घातला, गढूळपणा निवळेपर्यंत. साखरेचे पाणी ओतून तिने आरसा त्यात पालथा धरला. द्रावण तपकिरी झाले, मग काळेकुट्ट. ती घाबरून माझ्याकडे पाहू लागली. त्याच क्षणी, बहिणीच्या देखत, मी सांगितले, "तुझ्या आईने काहीच बिघडवले नाही. चूक माझी."

हात न हलवता तिने विचारले, "मंग बापू, तुम्ही मायले तवयच का नही सांगं?"

मी आरसा उचलला. चांदी धरली होती, काठापासून काठापर्यंत. त्यात तिचा चेहरा दिसला, ओल्या डोळ्यांचा.

वचन देतो, रेवा. या घरात "हात लावू नको" एवढे म्हणून मी यापुढे थांबणार नाही. का, तेही सांगेन. आणि तिने कितीही विचारले तरी रागावणार नाही.

तुला सांगायचे राहून गेलेला,
तुझा मास्तर