कोंबड्यांच्या दाण्याचा बंद फ्रिज

ती. अक्का,

धम्मदीपचा जय भीम. तुझ्या कोंबड्यांचा दाणा उंदरांनी खाल्ला, तो मी पुण्यात बसून त्यांना खायला लावला नाही, हे आधी लिहितो. तब्येतीचं मागून विचारतो. पोतं भिंतीला टेकवू नको, खाली विटा लाव, हे मी दिवाळीतही सांगितलं होतं. फोनवर तू ऐकता ऐकता कोंबड्या हाकायला निघून जातेस आणि परत आलीस की वेगळंच भांडण काढतेस, म्हणून लिहितोय. (मागच्या खेपेला काय म्हणालीस? चार कामं सोडलीस, आता पुण्यातलं सोडलंस तर दारात उभं करणार नाही.) मायचा गुडघा कसा आहे? तुझी कंबर? मी मजेत आहे.

इथं धायरीत दीनानाथ काकांच्या बंगल्यात बाग, पाण्याची मोटार आणि सात कोंबड्या एवढं माझ्याकडं आहे. काका बँकेतून निवृत्त झालेले, मला अहो-जाहो करतात, आणि ज्या दिवशी फारच आदरानं बोलतात त्या दिवशी समजायचं की माझं काहीतरी चुकलंय. दाण्याचं पोतं आधी जिन्याखाली ठेवलं, ते उंदरांनी फोडलं. काका म्हणाले, "अहो धम्मदीप, पाहुण्यांना जेवायला बोलावलंत ते बरं केलंत, पण ताटं तरी मांडायची." मग दोरीनं वर टांगलं, तर उंदीर दोरीवरून असा निवांत उतरला की मलाच वाटलं, आपण मधे कशाला बोला. मग प्लास्टिकचा पिंप आणला. त्याला त्यांनी बुडाशी भोक पाडलं, आणि त्यातून मक्याच्या भरड्याची बारीक धार गळत राहिली. सकाळचं ऊन तिच्यावर पडलं होतं, पिवळंधमक, मधेच एखादा दाणा चमकायचा. मी बघतच बसलो. (भोकाला बोट लावायचं मला नंतर सुचलं, तोवर पिंप निम्मा झाला होता.)

शेवटी अडगळीत काकांचा बंद पडलेला फ्रिज सापडला. अक्का, यासारखी कणगी नाही. अंगाला पत्रा, दाराला रबर, उंदराचा दात लागत नाही. मागं पाणी जायचं एक भोक असतं, तिथून मुंग्या येतात, ते मी बारीक जाळीनं बुजवलं. दाणा उन्हात वाळवायचा, गार झाला की मगच भरायचा, नाहीतर आत घाम धरतो. सगळा पावसाळा गेला, पण ना बुरशी, ना पोरकिडा. एकदाच घोटाळा झाला. काकांची मुलगी कल्याणीताई कर्वेनगरहून आली आणि चालू आहे समजून त्यात श्रीखंडाचा डबा ठेवून गेली. मी दार उघडलं तेव्हा कोंबड्यासुद्धा लांब सरकल्या. काका म्हणाले, "श्रीखंड आंबट असतंच, पण इतकं मनापासून नव्हे."

आता मला रोज दुपारी काय होतं सांगतो. दार उघडलं की वाळल्या मक्याचा वास येतो आणि मी तिथंच उभा राहतो. आपल्या घरामागचा उतार दिसतो. उतारावर पांढऱ्या फ्रिजांची रांग, प्रत्येकावर एकेक कोंबडी डोळे मिटून बसलेली. खाली गळ्यात ओळखपत्र अडकवलेले उंदीर, कंपनीच्या बसला थांबतात तसे, दार उघडायची वाट बघतायत, आणि मी त्यांना सांगतोय की आज सुट्टी. तू येतेस, फ्रिज उघडून बघतेस आणि काहीच बोलत नाहीस. (यावरून कळतं की मी तंद्रीत आहे.) मग सात कोंबड्या पायाला टोचायला लागतात.

मायला सांग, जेवण वेळेवर करतो.

तुझा धाकटा,
धम्मदीप

ता.क. फ्रिज काकांनी मला देऊन टाकला. शनिवारी आपल्याकडं रिकाम्या परतणाऱ्या टेम्पोत येतोय. शेजारची कौशल्या मावशी थंड पाणी मागायला येणार, तिला आधीच सांगून ठेव.

ता.क. दुसरा. टेम्पोवाला म्हणतो, फ्रिज धरून बसायला माणूस लागेल. तो माणूस मी आहे. मला कुणी काढलं नाही, मीच सांगितलं की घरच्या कोंबड्या बघायच्यात. काका म्हणाले, "उत्तम. उंदरांना मी कळवतो." आणि आत जाऊन सातातल्या दोन कोंबड्या टोपलीत घालून घेऊन आले. अक्का, मला घरात घेऊ नको, परसात फ्रिजजवळ झोपेन. पण कोंबड्या या खेपेला माझ्या हाती दे. पहिल्यांदा माझ्या हातून काहीतरी नीट झालंय.

ता.क. तिसरा. या महिन्याच्या पगारातून टेम्पोचं भाडं, जाळी आणि कल्याणीताईंचं श्रीखंड गेलं. उरलेले घरखर्चाला पाठवतोय : रुपये एकशे चाळीस.