शेपटी तुटलेलं फूल

बाबा, मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की त्या रानफुलाला चुकीचं नाव तुम्ही दिलंत. ते आज दुरुस्त करते. कागदावरचं अक्षर तुमचं आहे, चूक माझी.

मी नऊ वर्षांची होते. रेल्वेतली रात्रपाळी संपवून येताना तुम्ही ते रुमालात गुंडाळून आणलंत. "पोट्टी, पेपरात नीट लाव, मी झोपतो." मी ते पेपरात घालून स्वयंपाकघरात दोन फळ्यांमध्ये दाबलं आणि वर आईचा पाटा ठेवला. तिसऱ्या दिवशी कागद बदलताना फुलामागची लांब, बारीक शेपटी चिकटून तुटली. मी ती चुलीत टाकली. त्या रविवारी तुम्ही भिंग घेऊन बसता, बराच वेळ बघता. "याले शेपटी होती काय गं? मले आठवून नाही राहिलं." मी नाही म्हणते. आणि तुम्ही ते फूल कागदावर चिकटवून खाली जागोजागी उगवणाऱ्या साध्या फुलाचं नाव लिहून टाकता. मोजल्याशिवाय नाव लिहू नये, हे मला शिकवणारे तुम्हीच ना?

आता आपल्या राज्याच्या नव्या राजधानीकडे जाणाऱ्या रस्त्यात येणाऱ्या झाडीची सरकारी यादी मी केली. तिथे साधीच फुलं उगवतात याचा पुरावा म्हणून तुमच्या कागदाची झेरॉक्स जोडली. परवा तिथे गेले, तर रस्त्यासाठी चुन्याची रेघ आखलेली आणि रेघेच्या आत, साजाच्या, म्हणजे ऐनाच्या झाडाखाली तेच फूल. तीनच रोपं. आपल्या जंगलातलं हे फूल आता कुणाला दिसतही नाही. शेपटी मोजली, माझ्या करंगळीहून लांब. रस्त्याचं काम बघणाऱ्या साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मॅडम, आपके पिताजी का कागज तो कुछ और बोलता है." मी पटकन म्हणाले, "उनसे गलती हुई थी, सर." ते हसले. "तो आपसे भी हो सकती है." इतका राग आला! त्यांचा, तुमचा, माझा.

घरी येऊन मूळ कागद काढला. तुमच्याच भिंगातून तुटल्याची जागा अजून स्पष्ट दिसते. म्हणजे तुम्हालाही दिसली असणार. मग काहून गप्प बसलात, बाबा? एकदा रागावला असतात तर हे तेव्हाच संपलं असतं.

ती जागा दाखवली तर साहेबांना मानावं लागेल, पण शेपटी कशी गेली हे ते विचारतीलच. रस्ता तिथून वळवावा म्हणून लिहिलेले चार अर्ज फाडले, चारही वेळा "तुटली असावी" असंच लिहिलं होतं. पाचव्यात "माझ्या हातून तुटली, मी वडिलांशी खोटं बोलले" असं आहे. सही मात्र अजून झालेली नाही. सोमवारी तिथे झाडं पाडायला मशीन लागणार. साहेब शुक्रवारी अकराला ऑफिसात बसतात. सही त्यांच्या टेबलावरच करीन, शुक्रवारी.