मापाचा लाल दोरा

५ सप्टेंबर
बिटोलाहून निघालेली बस दुपारी ओह्रिडला पोचली. संत नेदेलाच्या जुन्या चर्चमधली भित्तिचित्रं साफ करायचं काम मला मिळालंय, आणि चर्चच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या राय्नामावशीच्या घरी खोली. खिडकीतून अख्खं तळं दिसतं. मावशीने बशीत अंजिराचा मुरांबा दिला आणि म्हणाली, बिसेरा, काय ही हाडं, तुझ्या आईचं लक्ष कुठंय? आई मी सहा वर्षांची असतानाच गेली म्हटल्यावर डोळे पुसत बसली. मग म्हणाली, थंडीच्या आत तुला स्वेटर विणते. अंगणात उन्हात उभं करून लाल दोऱ्याने माप घेतलं, तेही जमिनीवर, माझ्या सावलीचं. मी हसले तर म्हणाली, आमच्याकडे असंच घेतात, गप उभी राहा.

९ सप्टेंबर
चर्चची उत्तरेची भिंत दर हिवाळ्यात ढासळते. मावशीचा भाऊ नाउम गवंडी ती तिसऱ्यांदा बांधतोय. कोपरा भरताना त्याने मला हाकललंच. म्हणाला, शिकलेल्यांनी रंग बघावेत, चुन्याचं आम्ही बघतो. फार तिरसट म्हातारा आहे.

१४ सप्टेंबर, रविवार
मावशीने चार चर्च दाखवली. मी चित्रं बघत होते, ती भिंतींचे कोपरे. प्रत्येक कोपऱ्यावर हात ठेवून एक नाव घ्यायची: ही दोस्ता, ही लेन्का, ही स्तोयना. देणगी दिलेल्या बायका असतील. टेकडीवरच्या अवशेषांत मात्र म्हणाली, इथे कुणीच नव्हतं, म्हणून पडलं. वाटेत भेटेल त्याला माझी ओळख करून दिली, ही माझी लेक. खोटं कशाला लिहू, मला फार बरं वाटलं.

२ ऑक्टोबर
माझं वजन सात किलोंनी उतरलं. डॉक्टर म्हणतात, काही झालेलं नाही, नीट जेवा. स्वेटरचं विचारलं तर मावशी म्हणाली, लोकर आणायचीय अजून. आज कपडे वाळत घातले. चादरीची सावली काळी होती. माझी फिकट, पाणी जास्त झालेल्या कॉफीसारखी.

८ ऑक्टोबर
नव्या भिंतीच्या कोपऱ्यात चुन्यातून लाल दोऱ्याचं टोक आलंय. नाउमला विचारलं. त्याने टोपी काढली. म्हणाला, कुणाची तरी सावली चिणल्याशिवाय भिंत धरत नाही. माप घेतल्यापासून चाळीस दिवसांत ते माणूस जातं. राय्नाच्या नातीची घ्यायची ठरली होती, तेवढ्यात खोली हवी म्हणून तुझं पत्र आलं.
नखांनी दोरा ओढला. टोक तुटलं. बाकीचा आत —

१० ऑक्टोबर
बसथांब्यापर्यंत गेले. तिथेच कोसळले. मावशीनेच धरून परत आणलं. पाय चेपले, केस विंचरले. तेच हात. तोंडावर विचारलं तिला, का? म्हणाली, माझी नात नऊ वर्षांची आहे गं. आणि तुझ्या मागे रडायला कुणी नाही.
मी तिला आई म्हणणार होते.

१३ ऑक्टोबर
उठवत नाही. भिंतीला एक तडा नाही म्हणे. नाउम —

१४ ऑक्टोबर
चाळिसावा. सकाळपासून गहू शिजतोय. साखर, अक्रोड. मेलेल्यांच्या चाळिसाव्याला करतात तो. मावशीने चमचा तोंडाशी धरला. म्हणाली, चाखून सांग, तुला गोड कमी लागतं ना —
ऊन वहीवर आलंय. पेनाची सावली पडलीय. हाताची