पोर सुटली

ता. ९, शनिवार, सकाळी

प्रिय दादा,

प्रभूच्या नावात सलाम. वहिनींनाही सलाम, पोरांना गोड गोड पापे. मी मजेत आहे. जळवांनी पायांची चाळण केलीय, बुटांचे तळ निघालेत आणि मच्छरदाणीला इतकी भोकं पडलीत की डास आता आतच मुक्कामाला असतात. बाकी सगळं झकास.

तुझं पत्र नावाड्यानं काल दिलं. वार्षिक मेळाव्यात सगळ्या मंडळीसमोर उभी राहून साक्ष दे, असं लिहिलंयस. नाही म्हणेन असं वाटलं होतं ना? येते मी. पण त्याआधी हे पत्र स्वतः चष्मा लावून वाच. वहिनींना वाचून दाखवायला सांगू नकोस. तुला त्रास होईल असं काही आलं की त्या गाळून वाचतात.

आधी प्रवासाचं सांगते. नदी सोडली की जंगल असं अंगावर येतं की भरदुपारी आभाळ दिसत नाही. वाट म्हणून नाहीच. नावाडी पुढे कोयता चालवतो आणि जे मोकळं होईल त्यातून आपण घुसायचं. एका ओढ्यात माझा पाय घसरला आणि औषधांची पेटी पाण्यात गेली. काढली, पण गोळ्यांचा नुसता लगदा. मी चिखलात फतकल मारून रडले. नावाडी गंभीरपणे म्हणाला, "बाई, यंदा मासे आजारी पडायचे नाहीत." मग रडता रडता हसले. मिशननं मला औषधं आणि देवाचं वचन घेऊन पाठवलं होतं. वस्तीवर पोचले तेव्हा वचन तेवढं उरलं होतं.

वस्तीतली माणसं बरी आहेत. सुरुवातीला लांबून बघायची. सगळ्यांत आधी जवळ आली ती एक सहा-सात वर्षांची पोर. एका जागी टिकायची नाही, म्हणून मी तिला भिंगरी म्हणायचे. माझी भजनं ती भलतेच शब्द घालून म्हणायची, पण माझ्यापेक्षा सुरात. तू ऐकायला हवं होतंस, पोटभर हसला असतास.

मग तिला ताप आला. मी प्रार्थना केली आणि नंतर नावाड्याबरोबर तुला तोंडी निरोप धाडला, "पोर सुटली. देवाची स्तुती करा." त्यावर तू रविवारी उपदेश केलास. मंडळी उभी राहून रडली म्हणे. जंगलात चमत्कार झाला म्हणून चर्चच्या दारावर फलक लागला. वहिनींनी भिंगरीसाठी फ्रॉक शिवला, पिवळा, खिशावर बदक. मेळाव्याला तिला हाच घालून आण, म्हणतोस.

कशी आणू रे दादा?

ती गेली. ताप उतरला नाही. ओल्या फडक्याच्या घड्या ठेवून ठेवून माझे हात गारठले आणि "हिला उठव, हिला उठव" म्हणून घसा बसला. श्वासासाठी ती इतकी तडफडत होती की दुपारी ते सगळं थांबलं, तेव्हा माझ्या तोंडून स्तुतीच निघाली. आजही ती मी मागे घेणार नाही. पण ती स्तुती कशाची होती ते मला माहीत आहे, आणि तुलाही.

कळलं नाही म्हणू नकोस. आई गेली तेव्हा दवाखान्याच्या जिन्यावर मला जवळ घेऊन काय म्हणालास? "रडू नकोस गं, सुटली ती." हा शब्द मी तुझ्याकडूनच शिकले. बरं, ऐकताना चुकलास असंही धरू. पण उपदेशानंतर फ्रॉकचं पुडकं घेताना नावाड्यानं तुला तोंडावर सांगितलं, "साहेब, पोर मेली." म्हणून तर पत्राच्या तळाशी घाईघाईनं लिहिलंस, "मुलीला आणणं जमलं नाही तरी तू ये. फार तपशिलात शिरू नकोस."

ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

लोकांचा विश्वास वाढतोय, असं म्हणशील. कशावर? न झालेल्या गोष्टीवर? प्रभूनं स्वतः क्रुसाच्या आदल्या रात्री बागेत घाम गाळत "हे टळू दे" म्हणून मागितलं आणि त्याला ते मिळालं नाही. तूच दर वर्षी किती कळवळून सांगतोस ते! मग माझी प्रार्थना फुकट गेली म्हणून लाज कसली वाटते तुला? मला नाही वाटत.

भिंगरीच्या आईनं मला विचारलं, "तुझा देव ऐकतो?" म्हटलं, "ऐकतो." ती म्हणाली, "मग?" तिचं ते "मग?" मी अजून रोज देवापुढे ठेवते. तरी माझा विश्वास आहे. हो, आहे! पोर गेली, पेटी गेली, मी घाबरले, चिडले, त्याच्याशी कडाकडा भांडले, आणि तो आहे. रोज सकाळी मी प्रार्थनेला बसते तेव्हा ती बाई शेजारी येऊन बसते. हात जोडत नाही, डोळे मिटत नाही, नुसती बसते. तुझ्या भरलेल्या बाकांपुढे मला ती एकटी पुरे.

काल पत्र वाचायच्या आधीच पुडकं तिच्यासमोर उघडलं. मला काय माहीत आत काय आहे! तिनं फ्रॉक मांडीवर पसरला, खिशात बोट घालून पाहिलं. "कुणाचा?" पत्र वाचून मी काही न लपवता सांगितलं. तिनं फ्रॉकची नीट घडी घातली. मग म्हणाली, "सांग त्यांना." मी म्हटलं, "सकाळीच लिहिते." ती म्हणाली, "लिहून नको. समोर सांग. मी येते."

तर आम्ही दोघी येतोय. तू माझं नाव पुकारशील तेव्हा तीही माझ्याबरोबर वर चढेल, फ्रॉक तिच्या हातात असेल. मध्येच गाणं सुरू कर, दिवे घालव, मिशनमधून काढून टाक, मी बोलणार. एक वाट तुला अजून मोकळी आहे. मेळाव्याच्या आधीच्या रविवारी तूच उभा राहून सांग. तसं केलंस तर पहिल्या बाकावर बसून मी तुझ्यासाठी रडेन. तू माझा दादा आहेस, मला तेच हवंय.

वहिनींना सांग, शिवण फार सुंदर आहे. मापही अगदी बरोबर होतं.

तपशिलात शिरलेली,
तुझीच धाकटी