न वाजलेला तिसरा ठोका

प्रिय वादळ,

(पत्रात तरी तुला 'तू' म्हणतो.)

काल दुपारी तुझ्या पियानोची एक पट्टी तिसऱ्या ठोक्याला वाजलीच नाही, आणि त्या क्षणी माझं सगळंच पालटलं.

तू क्लासला गेली होतीस. पेडल कुरकुरतंय म्हणून तुझ्या आईने मला बोलावलं होतं. समोर दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा संगीतकाराचा एत्यूद, म्हणजे सरावासाठी रचलेला तुकडा, उघडा होता. नावाला बोटांचा व्यायाम, प्रत्यक्षात बोटांचा छळ. महिनाभर तू त्यात एकाच जागी अडखळतेस. "अहो पियानोवाले, पट्टी अडकतेय," असं तू म्हणालीस, तेव्हा मी ती सावकाश दाबून पाहिली आणि फणकारलो, "पियानो ठणठणीत आहे. बोटं तपासा!" तेव्हापासून तू माझ्याशी बोलत नाहीस. मान खाली घालून रोज तोच तुकडा घोटतेस, माझ्या खिडकीतून दिसतं.

काल मी तीच पट्टी तुझ्या वेगाने बडवली. दोनदा वाजली, तिसऱ्यांदा मुकी! आतली इवलीशी स्प्रिंग ढिली झालीय. सावकाश दाबलं की लबाड शहाण्यासारखी वागते.

एकदा सरांना 'माझं चुकलं' म्हणावं लागू नये म्हणून मी कॉलेजच सोडलं होतं. आज तेच म्हणायला जीव उतावीळ झालाय. तुझी परीक्षा उद्यावर आलीय, पत्राची वाट कोण बघणार? हे इथेच टेबलावर राहू दे. नवी स्प्रिंग खिशात आहे. ती बसवायला तासभर पुरेल. पुढचं बोलायला किती लागेल, देव जाणे.

सही करतो, हत्यारांची पेटी उचलतो आणि दार ओढून घेऊन निघतो.

तुझा, साफ चुकलेला,
पियानोवाला